३ एप्रिलचा डीजे आणि गेटची किल्ली

सोसायटी ग्रुप, वसई पश्चिम
सोमवार, २३ मार्च २०२६

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्याचं ठरवतोय, हरकत असेल तर आजच सांगा. गुरुवार २ एप्रिल हनुमान जयंती. सूर्योदयाला जन्म, संध्याकाळी ७ ला महाप्रसाद. शुक्रवार ३ एप्रिल बँक हॉलिडे, सगळे घरी. म्हणून मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि डीजे, पार्किंगमध्ये, दुपारी ४ ते ९.

ए-१०२: एक नंबर 👍

बी-३०४: भाऊ, हनुमान जयंतीला काही अडचण नाही. शुक्रवारच्या डीजेला मात्र माझी हरकत धरा. ती सुट्टी गुड फ्रायडेची आहे, म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस. आमच्या घरांत तो सुतकासारखाच पाळतात. एरवी रोज होणारी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी, त्या दिवशी नसते. वेदीवर कापड नाही, फुलं नाहीत. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात गौरवगीताला घंटा वाजते, त्यानंतर ती थेट शनिवारी रात्री. मधल्या काळात खूण करायची तर लाकडी फळ्या वाजवतात. दुपारी ३ ला उपासना असते. आपल्या चारही विंगमधली ख्रिस्ती मंडळी साडेचार-पाचला परततील ती सरळ डीजेतच.

ए-१०२: ओह, सॉरी ताई. मी तर ‘हॅपी गुड फ्रायडे’चं बॅनर बनवायला घेत होतो.

बी-३०४: बरं झालं विचारलंत 😄 त्या दिवशी ‘हॅपी’ नको. काहीच पाठवलं नाही तरी कुणाला वाईट वाटत नाही. रविवारी ५ तारखेला ईस्टरच्या शुभेच्छा भरभरून द्या. आणि ‘गुड’ला फसू नका, जुन्या इंग्रजीत त्या शब्दाला ‘पवित्र’ असाही अर्थ होता. मराठीत आम्ही पवित्र शुक्रवार म्हणतो.

सी-४०३: आणि आम्ही अहिल्यानगरकडचे प्रोटेस्टंट उत्तम शुक्रवार म्हणतो. आमची उपासना १२ ते ३. क्रुसावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेकाचं मनन, मध्ये गीतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर असतात, त्यामुळे बाहेरून ऐकणाऱ्याला भजन चाललंय असंच वाटतं. घरी यायला चार वाजतात.

ए-५०१: माझा एक प्रश्न. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला, मग हे दिवस का सरकतात?

बी-३०४: काका, नाताळ सूर्याच्या हिशेबाने आणि ईस्टर चंद्राच्या. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही पडतो. यंदा ती पौर्णिमा चैत्राचीच निघाली. म्हणूनच तुमची हनुमान जयंती आणि आमचा आज्ञा गुरुवार (गुड फ्रायडेच्या आदला) दोन्ही २ तारखेला आले.

ए-५०१: वा! मग दरवर्षीच जुळायला हवं.

बी-३०४: नाही जुळत. तुमचा अधिक महिना मध्ये येतो ना. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ मध्ये चैत्री पौर्णिमा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जाईल, आणि ईस्टर २८ मार्चलाच उरकलेला असेल. कार्यक्रम ठरवण्याआधी कॅलेंडरवर दोन्ही पाहून घ्या, एवढंच.

सेक्रेटरी: मान्य. डीजे शुक्रवारी रद्द. रविवार ५ ला संध्याकाळी ६ नंतर ठेवू का?

बी-३०४: उत्तम. ईस्टर म्हणजे आनंदाचाच दिवस. दुपारचं जेवण आणि झोप होऊ द्या, मग कितीही वाजवा. १० ला बंद करायचंच आहे.

सेक्रेटरी: आता महाप्रसादाचं. तुमची घरं ७ वाजता येतील ना?

बी-३०४: ७ ला नाही जमणार. येशूच्या शेवटच्या भोजनाची मिस्सा त्याच वेळी. फादर बारा जणांचे पाय धुतात, नंतर थोडा वेळ मूक प्रार्थनेला लोक थांबतात. साडेनऊपर्यंत परत. पंगत उशिरापर्यंत चालणार असेल तर येऊ. गुरुवार हा आमचा सक्तीच्या उपवासाचा दिवस नाही आणि तुमचं जेवण शाकाहारी, तेव्हा तिकडून आडकाठी नाही. एक मात्र मोकळेपणाने सांगते. देवापुढे ठेवलेला प्रसाद काही ख्रिस्ती घरं घेतात, काही घेत नाहीत. हा वाद बायबलमध्येही आहे, संत पौलाने करिंथच्या लोकांना त्यावर सविस्तर लिहिलंय. जे घेत नाहीत त्यांना आग्रह करू नका आणि त्यांनी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. नैवेद्य काढायच्या आधी एक पातेलं बाजूला ठेवलं तर प्रश्नच मिटतो.

सेक्रेटरी: पातेलं बाजूला. नोंद केली.

सी-२०३: ताई, या २९ तारखेला तुमचा झावळ्यांचा रविवार, तेव्हा झावळ्या लागतात ना? सोसायटीच्या माडांचे मधले पिवळे कोंब माळ्याकडून काढून घेऊ का? ते मऊ असतात, क्रूस छान विणता येतो.

बी-३०४: कृपा करून मधला कोंब नको! माडाला वाढीचा डोळा एकच असतो, शेंड्यात. तो दुखावला की बाजूने दुसरी फांदी फुटत नाही, झाड मरतं. मधला सुळका उपटताना हमखास त्याच्या मुळाशी जखम होते, आणि ताज्या जखमेच्या वासावर गेंड्या भुंगा येतो. मग दोन-तीन महिन्यांनी नवी झावळी पंख्यासारखी कातरलेली बाहेर पडते. बाहेरच्या पूर्ण उमललेल्या झावळ्यांपैकी एकच, देठापासून वीतभर सोडून कापा. एका झावळीला दोनशेच्या आसपास पात्या असतात, आपल्या सगळ्या घरांना पुरून उरतील.

सी-२०३: पण हिरवी पात विणताना तुटते.

बी-३०४: मधली शीर काढून टाका, उरलेल्या पातीच्या बोटभर रुंद पट्ट्या करा आणि रात्रभर ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवा. घडी नखाने नका दाबू, अंगठ्याच्या पेराने दाबा. शनिवारी संध्याकाळीच विणायचं, आधी विणलेले क्रूस वाळून उकलतात. आशीर्वाद दिलेली पात नंतर कचऱ्यात टाकायची नाही. घरच्या वेदीमागे वर्षभर ठेवायची, पुढच्या राखेच्या बुधवारआधी चर्चमध्ये नेऊन द्यायची. कपाळाला लावतात ती राख याच पातींची.

बी-१०१: म्हणजे फेब्रुवारीत तुमच्या कपाळावर होती ती. पण डी-२०१ वाल्यांच्या कपाळावर बुधवारी नव्हती?

डी-२०१: आमचं सोमवारी झालं 🙂 आम्ही केरळचे सिरो-मलबार पंथाचे कॅथलिक. आमच्याकडे राखेचा सोमवार, १६ फेब्रुवारी. ईस्टरआधीचा पन्नास दिवसांचा उपवास म्हणतात. बी-३०४ सारख्या लॅटिन विधीच्या कॅथलिकांचे चाळीस.

बी-१०१: १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल मोजले तर ४६ भरतात 🤔

बी-३०४: मधले सहा रविवार वजा करा. रविवार पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपवास मोजत नाहीत.

बी-१०१: आणि उपवास म्हणजे नक्की काय? साबुदाणा चालतो?

बी-३०४: चालतो, पण तो मुद्दा नाही. आमच्याकडे दोन वेगवेगळे नियम आहेत आणि घरोघरी त्यांचा गोंधळ होतो.

एक, मांसत्याग. वयाच्या १४ वर्षांपासून पुढे. कोंबडी-मटण बंद. मासे, अंडी, दूध यांना बंदी नाही.

दुसरा, उपवास. १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत, आणि तोही वर्षात दोनच दिवस सक्तीचा, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. दिवसात एकदा पोटभर जेवण, बाकी दोनदा किरकोळ. ती दोन्ही मिळून एका जेवणाएवढी होता कामा नयेत. पाणी आणि औषध कधीही. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, कष्टाची कामं करणारे यांना सूट.

आता यातली वसईची पळवाट सांगते. शुक्रवारी सुरमई तळायची, कोळंबीचं कालवण करायचं आणि म्हणायचं, आम्ही मांस शिवलं नाही. नियमात बसतं. पण नियमाच्या हेतूत नाही बसत. मुलं ताटाकडे बघतात, प्रवचनाकडे नाही. मटणाच्या जागी त्याहून महाग मासा आला की त्यांना जे कळायचं ते कळतं. त्यापेक्षा आईने हिशेब उघड ठेवावा. शुक्रवारच्या मटणाचे एवढे वाचले, मूग-भाताला एवढे लागले, फरक मुलाच्या हाताने दानाच्या डब्यात. चौदाच्या आतल्या मुलाला नियम लागू नाही, पण डबा लागू करता येतो. दानाचं पाकीट पवित्र आठवड्यात चर्चमध्ये द्यायचं, मधल्या मधे त्यातून रिक्षाचे सुटे काढायचे नाहीत.

ए-१०२: 😂 शेवटचं वाक्य आमच्या गणपतीच्या पेटीलाही लागू.

सी-४०३: आमच्याकडे वयाचे नियम नाहीत, ज्याने त्याने ठरवायचं. पण सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुड फ्रायडेला उपाशीच जायचं म्हणतात. इन्सुलिन चालू आहे.

बी-३०४: इन्सुलिन घेऊन उपाशी बसणं धोक्याचं. तीन तास पंखा नसलेल्या बाकावर, एप्रिलचा उकाडा, साखर खाली आली की घाम आणि थरथर, आणि आजूबाजूचे म्हणणार भक्तीने डोळे मिटलेत. डोसचं त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी आणि पाण्याची बाटली, बसायला बाकाच्या कडेची जागा. त्यांना हेही सांगा की आमच्या नियमात त्या वयाला आणि आजाराला सूटच आहे, म्हणजे खाल्ल्याने भक्ती कमी होत नाही.

बी-१०१: त्या दिवशी तुमच्या घरी काही पाठवलं तर चालेल का? की चूल पेटवत नाहीत?

बी-३०४: चूल पेटते. बऱ्याच घरी पेज असते. एक वाटी उकडा तांदूळ, आठ वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास. मीठ दाणा फुटल्यावर. झाकण पूर्ण लावलं की उतू जाते, आडवा डाव ठेवा. सोबत सुक्या खोबऱ्याची चटणी, कैरीचं लोणचं, हवी तर मुगाची उसळ. पाठवायचंच असेल तर ताक पाठवा. गोडधोड शुक्रवारी नको, रविवारी.

डी-२०१: आमच्याकडे गुरुवारी रात्री पेसहा अप्पम असतं. तांदळाचं पीठ, थोडी उडीद डाळ, ओलं खोबरं, छोटे कांदे, लसूण, जिरं. यीस्ट किंवा ताडी नाही. पीठ आंबू द्यायचं नाही, वाटलं की लगेच वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. वर झावळीच्या रविवारच्या पातीचा छोटा क्रूस ठेवतात. घरातला मोठा माणूस प्रार्थना करून तुकडे करतो, सोबत गूळ आणि नारळाच्या दुधाचं पेसहा पाल. गूळ पूर्ण विरघळून थोडा निवल्यावरच नारळाचं दूध घाला, गॅस बंद करून. उकळलं की फाटतं.

ए-१०२: ईस्टरच्या कार्यक्रमाला मुलांसाठी ती मार्झिपानची अंडी करता येतील का? ५० मुलं आहेत. ए विंगमधली निम्मी घरं अंडं खात नाहीत.

बी-३०४: मग दोन घाणे करा, डबे वेगळे, झाकणावर चिठ्ठी.

अंड्याचा: काजू ५०० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, दोन अंड्यांचा पांढरा बलक, दोन चमचे गुलाबपाणी. काजू फ्रिजमधून काढून लगेच वाटू नका, ओल धरतात. मिक्सर थांबून थांबून, एका वेळी पाच-सहा सेकंद, मग चाळा. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि नंतर कितीही आटवा, गोळा तेलकटच राहतो. सगळं जाड बुडाच्या कढईत एकत्र करून मंद आचेवर हलवत राहा, वीस मिनिटं धरा. कडा सोडून गोळा फिरायला लागला की चिमूटभर काढून बोटात वळून बघा. चिकटला नाही तर उतरवा. कोमट असताना मळा, रंग तेव्हाच. साच्याला तुपाचं बोट. घट्ट होऊन फुटायला लागलं तर चमचाभर गुलाबपाणी शिंपडून मळा. साच्यात चिकटत असेल तर अजून कच्चं आहे, परत कढईत.

बिनअंड्याचा: तेवढेच काजू, ३५० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, एकतारी पाक. म्हणजे काजूकतलीच, फक्त आकार अंड्याचा.

एका घाण्यात १५ ग्रॅमची पंचावन्न-साठ निघतात. वळून झाली की रात्रभर जाळीखाली सुकवा. फ्रिजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आपल्याकडच्या हवेत घाम सुटून रंग ओघळतो.

ए-१०२: उकडलेली अंडी रंगवायची ना ती?

बी-३०४: कांद्याची सालं मूठभर, एक लिटर पाणी, चमचाभर व्हिनेगर, दहा-बारा मिनिटं उकळा. विटकरी रंग येतो, बाजारच्या रंगाची गरज नाही. पण संध्याकाळच्या उकाड्यात टेबलावर दोन तासांच्या वर ठेवू नका.

सेक्रेटरी: शेवटचा मुद्दा. शनिवारी रात्रीचं गेटचं काय? आणि गेल्या वर्षी लिफ्टमध्ये मेण सांडलं होतं.

बी-३०४: शनिवार ४ तारखेचा जागर अंधार पडल्यावरच सुरू होतो, बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर पास्खाची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती. १२:४५ पर्यंत सगळे परत येतील. मेणबत्तीला कागदी कपाचं बूड भोक पाडून घाला. दुसऱ्याकडून पेटवून घेताना विझलेली तिरकी करायची, पेटलेली सरळ. सगळे उलटं करतात आणि तिथेच मेण सांडतं. मेणबत्त्या चर्चमध्येच विझवा, लिफ्टमध्ये पेटत्या आणू नका. तरी सांडलं तर बर्फ फिरवा, जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा. ब्लेड नको, लिफ्टच्या लादीवर चरे येतात.

सेक्रेटरी: म्हणजे वॉचमनला १२:४५ पर्यंत लहान गेट उघडं ठेवायला सांगतो, मग कुलूप.

सी-४०३: आमची सूर्योदयाची उपासना रविवारी पहाटे साडेपाचला असते हो. आम्ही पावणेपाचला निघणार.

सेक्रेटरी: 🙏 मग किल्ली सी-४०३ कडेच ठेवा. शनिवारी रात्री शेवटी येणाऱ्याने त्यांच्या दारातल्या डब्यात टाकायची. बेल वाजवू नका.