अनुभव धागा: फिजिक्स शिकताना कॅल्क्युलस कुठे अडलं, कुठे कामी आलं?

नाशिकमध्ये बी.एस्सी. फिजिक्स केलेल्या, करत असलेल्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांनी इथे लिहावं. बारावीला इंटिग्रेशनच्या वह्याच्या वह्या भरतात, मार्कही पडतात, आणि एफवायला मेकॅनिक्सच्या पहिल्याच डेरिव्हेशनला हात थांबतो. तुमचा हात कुठे थांबला आणि मग कसा चालू लागला, ते सविस्तर सांगा. सुरुवात मीच करते.

मला चकतीचं मोमेंट ऑफ इनर्शिया काढायचं होतं, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान गुणिले मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, या सगळ्यांची बेरीज. उत्तर पाठ होतं, एमआर वर्ग भागिले २. इंटिग्रेशनही येत होतं. पण 'छोटा तुकडा घ्या' म्हटल्यावर तुकडा कसला घ्यायचा, तेच उमगेना. चौकोनी तुकडे घेऊन दोन पानं खरडली. रात्री आई कांदा चिरत होती. आडवी चकती कापून तिने बोटाने दाबली, तशा कड्या सुट्या झाल्या. एका कडीवरचा प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्याच अंतरावर! कडी कापून सरळ केली तर लांबी दोन पाय आर, रुंदी डीआर. वस्तुमानाला आर वर्गाने गुणलं की आत आरचा घन येतो, इंटिग्रेट केल्यावर चौथा घात भागिले ४, आणि उत्तरातला तो अर्धा तिथून निघतो. इंटिग्रेशन एका ओळीचं होतं. खरी अक्कल लागली ती तुकडा निवडायला.

*गंगापूर रोडवरून*

आमच्याकडे पावसाळ्यात एकच चौकशी असते: गंगापूर धरणातून किती सोडलंय आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय. एसवायला असताना एका पुरात मी विसर्गाचे आकडे तासातासाला वहीत उतरवले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे तो दरच झाला, डेरिव्हेटिव्ह. मग एकूण पाणी किती गेलं? आलेखाखालचं क्षेत्रफळ! तासाच्या पट्ट्या पाडून बेरीज केली. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास चाललं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं, हे तेव्हा हाताने काढलं आणि कायमचं लक्षात राहिलं. बातमीत 'विसर्ग वाढवला' आणि 'धरणातला साठा वाढला' ही दोन वाक्यं शेजारी दिसली की आता गोंधळ होत नाही. येणारं पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

*पंचवटी, टीवाय*

माझा अनुभव प्रॅक्टिकलचा. न्यूटनचा शीतकरण नियम सांगतो की गरम वस्तू थंड होण्याचा दर तिच्या आणि खोलीच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. त्यासाठी गरम पाण्याचं तापमान दर अर्ध्या मिनिटाला घ्यायचं, वक्र काढायचा, त्यावर स्पर्शिका टेकवून उतार मोजायचे. पट्टी केसभर सरकली तरी उतार बदलतो! पहिल्या खेपेला माझे सहा बिंदू सहा दिशांना होते. सरांनी वक्रावर आरसा उभा धरायला शिकवलं: आरशातला वक्र बाहेरच्या वक्राला न मोडता जुळला की आरसा तिथे काटकोनात बसला, मग त्याला लंब काढला की स्पर्शिका. बिंदू बरेच सुधारले. पण त्याहून चांगली वाट नंतर कळली. या नियमाचं समीकरण आधी इंटिग्रेट करायचं आणि पाणी व खोली यांच्या तापमानांतल्या फरकाचा लॉग वेळेसमोर मांडायचा. सरळ रेष येते, तिचा उतार हाच स्थिरांक. मोजलेल्या आकड्यांचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की चुका फुगतात, बेरीज केली की बऱ्याचशा एकमेकींत विरतात. हे कागदावरच्या गणितात कधी जाणवत नाही.

*शिकवणारी, नाशिक रोड*

वरचं सगळं पटलं. एका कॉलेजात मी होते तिथे इलेक्ट्रोस्टॅटिक्स आधी शिकवायचं आणि व्हेक्टर कॅल्क्युलस नंतर, अशी वेळापत्रकाची रचना होती. इलेक्ट्रोस्टॅटिक्समधला गॉसचा नियम व्हेक्टर कॅल्क्युलसच्या भाषेतच लिहिलेला, त्यामुळे मुलं तो मंत्रासारखा म्हणायची. वर्षानुवर्षं सांगूनही बदल झाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. थर्मोडायनॅमिक्सला मात्र एकच आग्रह धरा: पार्शल डेरिव्हेटिव्हच्या खाली काय स्थिर ठेवलंय ते लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

*सिन्नरहून रोज येणारा, एफवाय*

तुकडा निवडला की झालं, असं मला नाही वाटत. लंबकाचं समीकरण बरोबर मांडलं, पण साइन थीटाच्या जागी थीटा न घेता सोडवायला गेलो तर इंटिग्रल नेहमीच्या फलनांत सुटतच नाही. शेवटी पायथनमध्ये बारीक पट्ट्यांची बेरीज केली. ६० अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल लहान झोक्यांसाठीच्या साध्या सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त आला. मग दोऱ्याला नट बांधून घरीच ५० आंदोलनं मोजली, पण एवढ्या वेळात झोका आपोआप लहान होत जातो, त्यामुळे फरक कमी भरला. दर झोक्याचा वेगळा वेळ कसा टिपावा? कुणी फोटोगेट (प्रकाशकिरण अडला की वेळ नोंदवणारं उपकरण) वापरून केलं असेल तर नक्की लिहा, शनिवारी पुन्हा बसणार आहे.