मदत हवी आहे : अल्बम कम्युनिटी रेडिओला पाठवतोय, ना-हरकत पत्रात काय लिहायचं?

नमस्कार मंडळी. आठ गाण्यांचा मराठी रॉक अल्बम, लेबल नाही. खाजगी एफएमच्या नादी सध्या लागत नाही, आधी पुण्याची विद्यावाणी (१०७.४), म्हसवडची माणदेशी तरंग (९०.४) अशी केंद्रं.

तयारी अशी : आठही गाणी एकदम न पाठवता दोनच. प्रत्येकाची साडेतीन मिनिटांची रेडिओ एडिट, सुरुवातीचं गिटार ४० सेकंदांवरून १२ वर. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह. सोबत ३२० केबीपीएसची एमपीथ्री, कारण वेव्हमधली गाण्याची माहिती बऱ्याच सॉफ्टवेअरला दिसतच नाही. फाइलच्या नावात बँड, गाणं, कालावधी. बारा अक्षरी आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) फाइलच्या टॅगमध्ये आणि मेलमध्येही.

मिक्स मोनोत (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐकला तेव्हा एका गाण्यातला कोरस जवळपास गायब! डाव्या-उजव्या बाजूचे आवाज उलट फेजमध्ये होते, म्हणजे एकत्र येताच एकमेकांना खोडत होते. सिग्नल कमकुवत असला की रेडिओ मोनोवर सरकतो, म्हणून तो दुरुस्त केला. 'स', 'श' टोचत होते, तिथे डी-एसर (असे टोचरे आवाज दाबणारं साधन). एफएमच्या प्री-एम्फसिसमुळे (प्रसारणाआधी उंच आवाज वाढवतात, त्यामुळे) ते आणखी चढतात.

आता अडलंय ते इथे. रेकॉर्डिंगचे हक्क बँडकडे, पण संगीतकार आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद आहे, गीतकार नाही. मग विनामोबदला प्रसारणाचं पत्र बँडने एकट्याने दिलं तर चालतं का? गीतकाराची सही वेगळी लागते का? कुणाकडे केंद्राने स्वीकारलेला मसुदा असेल तर नावं खोडून इथेच टाका.