शिक्षक पात्रता परीक्षेवरील (टीईटी) न्यायालयीन निकालाबाबतचे निवेदन नेमके कोणाला द्यावे?

उपशिक्षक, राजापूर

सर्वांना नमस्कार. मी 2001 साली शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो असून सध्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. पट अकरा, शिक्षक दोन. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या माझ्यासारख्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल, अन्यथा सेवा सोडावी लागेल. संघटनेच्या तालुका शाखेने निवेदनाचा मसुदा माझ्याकडे सोपवला आहे. मागच्या निवेदनात जुनी पेन्शन, संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदे मंजूर करणे), अशैक्षणिक कामे, बदल्या अशा चौदा मागण्या होत्या. आवक शिक्का मारून पोच मिळाली, ती फाइलला लागली आणि तिथेच राहिली. या वेळी निवेदन शिक्षणमंत्र्यांना द्यावे, शिक्षक आमदारांना (विधान परिषदेतील शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांना), की आणखी कोणाला?

निवृत्त मुख्याध्यापक, वेंगुर्ले

गुरुजी, चौदा मागण्या एका कागदावर आल्या की वाचणारा त्यातली सर्वांत सोपी उचलतो, किंवा एकही उचलत नाही. टीईटीचे मूळ शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 23 मध्ये आहे. तो संसदेचा कायदा असल्यामुळे राज्याने शासन निर्णय काढून ती अट उठणार नाही. म्हणून हे निवेदन खासदारांना आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला द्या, आणि मागणी एकच ठेवा: टीईटी सक्तीची करणाऱ्या 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेपूर्वी त्या वेळच्या नियमांनुसार नेमलेल्या शिक्षकांना टीईटी लागू नाही, असे परंतुक (अपवाद सांगणारी तरतूद) कलम 23 मध्ये घालावे. हे अशक्य नाही. याच कलमात 2017 साली दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत दिली गेली होती.

संचमान्यतेचा 15 मार्च 2024 चा शासन निर्णय मात्र राज्याचाच आहे, तेव्हा तो कागद वेगळा करून मंत्र्यांकडे न्या. तिथे तुमचा आधार भक्कम आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला साठपर्यंत मुलांमागे दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि तुमची अकरा मुले त्यातच बसतात.

माध्यमिक शिक्षिका, अलिबाग

सरांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. शिक्षण हा विषय 1976 च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत) असल्याने, अनुच्छेद 254 नुसार राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यालाही दुरुस्ती करता येते, पण तो मार्ग लांबचा आहे. शिक्षक आमदारांना अवश्य भेटा, मात्र अनुच्छेद 171 प्रमाणे त्या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरील संस्थांचेच शिक्षक मतदान करतात, हे लक्षात असू द्या. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या कोकण शिक्षक मतदारसंघात तुम्हा प्राथमिकच्या मंडळींना मतच नाही! म्हणून भेटीला जाताना आमच्यासारख्या काही माध्यमिकवाल्यांना बरोबर न्या.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, गुहागर

मी शिक्षक नाही, पालक आहे, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. ‘परीक्षेतून सूट द्या’ असे शब्द निवेदनात आले, तर गावात त्याचा अर्थ गुरुजी परीक्षेला घाबरले असाच होईल. दीडशेपैकी नव्वद गुण म्हणजे काही डोंगर नव्हे, असे मलाही वाटते. पण आमच्या शाळेतील एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले की दुसरे चारही वर्ग एकाच खोलीत घेऊन बसतात, पावसात व्हाळ (ओढा) भरला तर तेही वेळेवर पोहोचत नाहीत, आणि त्यातच अभ्यास करायचा, हे मी डोळ्यांनी पाहतो. नेमणुकीनंतर अट बदलली, हा मुद्दा पालकांना पटेल. तेवढाच मांडा.

उपशिक्षक, राजापूर

सर्वांचा आभारी आहे. ‘सूट’ हा शब्द मसुद्यातून काढला असून दोन स्वतंत्र निवेदने करतो. बाकीच्या बारा मागण्या गाळल्याबद्दल आमचे सचिव नाराज होतील, त्यांची समजूत मी काढीन. वेंगुर्ल्याच्या सरांनी परंतुकाचे शब्द एकदा लिहून दिले, तर रविवारच्या सभेत 2010 पूर्वी रुजू झालेल्या शिक्षकांच्या नियुक्ती आदेशांच्या प्रतींसह ते मांडता येतील.