शब्दचर्चा : संवर्धित, वाढीव की आणखी काही?

खडूवाला, खानापूर

मंडळी, मदत हवी आहे आणि शनिवारच्या आत हवी आहे.

आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन आहे. आठवीची पोरं फोनवर हृदय दाखवणार आहेत. टेबलावर एक छापील चित्र ठेवायचं, फोन त्याच्यावर धरायचा, की पडद्यात त्या चित्रावर हृदय उभं राहतं. धडधडतं. फोन घेऊन टेबलाभोवती फिरलं तर मागची बाजूही दिसते. फलक तीन भाषांत रंगवायचा आहे. कन्नडच्या मॅडमनी त्यांची ओळ त्याच तासाला दिली, 'वर्धित वास्तव'. इंग्रजीचा प्रश्नच नाही. अडलंय ते मराठीचं.

'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी'ला म्हणजे एआरला 'संवर्धित वास्तव' म्हणतात म्हणून मी फळ्यावर तसं लिहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे पशुसंवर्धनवाल्यांचं हाय काय?" वर्ग हसला, मीही हसलो. पण पोराचं चुकलं कुठं? आपल्याकडच्या पाटीवर 'पशुसंगोपन' असतं हे खरं, पण त्याचा मामा चंदगडचा. तिथं गुरांच्या दवाखान्यावर तोच शब्द त्यानं वाचलाय. त्याच्या लेखी संवर्धन म्हणजे म्हशीला इंजेक्शन.

दुसरा शब्द सुचवा. 'वाढीव वास्तव' मीच खोडून टाकला. वाढीव म्हटलं की पुढं बिल येतं.

पेन्शनर, टिळकवाडी

सर, संवर्धन हा शब्द वाईट नाही, तो मराठीत दुसऱ्या कामाला लागलाय इतकंच. संस्कृतात वृध् म्हणजे वाढणं. मराठीत मात्र संवर्धन म्हणजे जपून, पोसून वाढवणं : मत्स्यसंवर्धन, वनसंवर्धन, जतन आणि संवर्धन. वास्तवाला कोणी पोसत नाही. तेव्हा 'सं' काढून नुसतं 'वर्धित' ठेवलं तर मॅडमच्या ओळीशी जुळेल. शिवाय राजमुद्रेतलं 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः' पोरांना पाठ असणारच. वर्धिष्णु म्हणजे आपोआप वाढत जाणारं, वर्धित म्हणजे कोणीतरी वाढवलेलं. फरक शिकवायलाही सोपा.

तरी माझं मन दुसरीकडे ओढ घेतं. एका वस्तूवर दुसरी वस्तू दिसणं याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, अध्यास किंवा अध्यारोप. अंधारात दोरीवर साप दिसतो तो. त्यावरून 'आरोपित वास्तव' का होऊ नये?

निपाणीकर

काका, आरोपित म्हटलं की आमच्याकडं लोक वकील शोधतात. सीमाभागात हा शब्द फळ्यावर नको.

त्यापेक्षा 'कलमी वास्तव' घ्या. झाड आपलं, फांदी दुसऱ्याची. पण परत तेच, कलम म्हटलं की आधी १४४ आठवतंय. आता त्याचंही १६३ झालंय म्हणे.

खडूवाला, खानापूर

काका, दोरी-सापात माझी एक अडचण आहे. साप दिसतो तेव्हा माणूस खरंच घाबरतो, कारण दोरी आहे हे त्याला माहीत नसतं. इथं पोरांना पक्कं माहीत आहे की टेबलावर कागद आहे. दोन्ही एकदम दिसतात, त्याचीच तर गंमत आहे.

पेन्शनर, टिळकवाडी

मान्य. अध्यास मागे घेतो.

नातसून, शहापूर

मी शब्दातली जाणकार नाही, पण ही गोष्ट आमच्या घरात रोज चालते, म्हणून लिहिते.

आमच्या आज्जी ब्याऐंशीच्या आहेत. मराठी वाचतात, कन्नड बोलतात, पण कन्नड अक्षर येत नाही. विजेचं बिल आलं की पूर्वी शेजारच्या पोराला हाक मारायच्या. आता नातवानं भाषांतराचं ॲप घालून दिलंय. बिल पाटावर ठेवतात, चष्मा सावरतात, फोन वर धरतात आणि थांबतात. कन्नड ओळ पुसल्यासारखी होते आणि त्याच जागी मराठी येते. हात कापतो, म्हणून अक्षरं थरथरतात, मधेच कन्नड, मधेच मराठी. मग आज्जी म्हणतात, "थांब, उमटूलालंय." आणि स्थिर झालं की, "उमटलं बघ."

मागच्या महिन्यात मात्र घोळ झाला. बिलावर कन्नडात 'बाकी' होतं. ॲपनं त्याचं 'शिल्लक' केलं. आज्जी खूश! आपलेच पैसे त्यांच्याकडं शिल्लक आहेत म्हणाल्या, भरायचं कशाला? कन्नड बाकी आणि मराठी बाकी एकच की हो. पण शब्द मधे इंग्रजीत जाऊन आला असणार, आणि येताना उलटा होऊन आला. नुसतं कन्नड अक्षर वाचून दाखवलं असतं तरी आज्जींना कळलं असतं.

तर हे बिलावर मराठी दिसणं म्हणजेच तुमचं ते एआर ना? मग 'उमट' वरून काही करता येईल का?

उद्यमबाग

वहिनी, तेच ते. मी मशीन शॉपमध्ये आहे, हा शब्द कुठून आला ते थोडं सांगतो.

वस्तू जुनी आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा केला, इतका जड की छताला टांगून ठेवावा लागायचा. नाव नंतर आलं. बोइंग कंपनीतले टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये निबंध छापला, त्यातून हा शब्द रूढ झाला. विमानात तारांचे गुंतागुंतीचे जुडगे असतात. ते बांधायला मोठमोठ्या फळ्या लागायच्या, प्रत्येकीवर वेगळा नकाशा. कामगाराच्या डोळ्यासमोरच्या काचेवर नकाशा आणला तर एकाच कोऱ्या फळीवर सगळी कामं होतील, अशी ती कल्पना. म्हणजे शब्द कारखान्यातला आहे, खेळातला नाही.

पुढं १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी तीन अटी घातल्या. खरं आणि संगणकानं केलेलं एकत्र दिसलं पाहिजे. ते त्या क्षणी, आपण हलू तसं बदललं पाहिजे. आणि जागेवर तिन्ही मितींत नेमकं बसलं पाहिजे. ही तिसरी अट सगळ्यात अवघड. फोन चित्रातले ठळक ठिपके आणि कडा ओळखतो, ते किती तिरके दिसतात यावरून आपण कुठून बघतोय ते काढतो, आणि प्रत्येक क्षणी ते परत काढतो. इंग्रजीत त्या अटीला लांबलचक नाव आहे. आमच्या शॉपमध्ये लेथवर तुकडा नीट लावला की आम्ही म्हणतो, 'जॉब बसला'. तेच हे.

शब्दकोशवाल्यांनी सगळा जोर 'वास्तव' या नावावर लावला. मराठीत खरं काम क्रियापद करतं. आज्जी 'उमटलं' म्हणतात, आम्ही 'बसलं' म्हणतो.

खडूवाला, खानापूर

हे वाचून आज सराव चालू असताना कान टवकारून उभा राहिलो. शाळेत तीन फोन होते. एकावर चाललंच नाही, स्वस्तातला होता, कल आणि दिशा समजणारा भागच त्यात नसावा. उरलेल्या दोघांवर पोरांचं बोलणं जसंच्या तसं :

"बसलं काय?"
"न्हाई, तरंगूलालंय."
"कागद सरळ कर की."
"बसलं, बसलं! आता हलू नको, निसटतंय."

बसणं, तरंगणं, निसटणं. कोणी शिकवलं नाही. 'सर, संवर्धित होत नाही' असं मात्र एकानंही म्हटलं नाही.

चिकोडी, शिक्षिका

सर, बसणं-उमटणं छान, पण फलकावर क्रियापद कसं लिहिणार? नाव तर लागणारच.

मधेच एक शंका. आमच्या पुस्तकांत धड्यापाशी क्यूआर कोड असतो, सरकारच्या दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडतो. पालक त्यालाही एआर म्हणतात.

उद्यमबाग

नाही बाई. क्यूआर हा नुसता पत्ता. जपानच्या डेन्सो वेव्हनं १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढला. तो स्कॅन केला की तुम्ही दुसरीकडं जाता, पुस्तक बाजूला राहतं. एआरमध्ये पुस्तक समोरच राहतं आणि त्याच्यावर काहीतरी येतं.

चिकोडी, शिक्षिका

म्हणजे दार आणि खिडकीइतका फरक. कळलं.

आता 'आभासी'बद्दल. काहीजण व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे चष्मा घालून सगळंच संगणकाचं जग बघणं) आणि एआर दोन्हीला आभासी म्हणतात, ते थांबवा. प्रकाशाच्या धड्यात 'वास्तव प्रतिमा' आणि 'आभासी प्रतिमा' असतात. आरशातली आभासी, पडद्यावर घेता येते ती वास्तव. पोरांनी हे घोकलेलं असतं. व्हीआरला आभासी वास्तव म्हटलं की हुशार पोर विचारतं, "बाई, आभासी आहे तर वास्तव कसं?" कन्नड पुस्तकात तर त्या प्रतिमेला 'मिथ्य' म्हणतात, म्हणजे आणखी कडक. आणि २०२० साली फोनवरच्या शाळेला 'आभासी वर्ग' म्हणायचे, ते मला अजून टोचतं. पत्र्याच्या शेडखाली रेंज शोधत बसलेली पोरं काही आभास नव्हती. हेत्वाभास, विरोधाभास, रसाभास, आपल्याकडं आभास जोडला की वस्तूत खोट निघते.

म्हणून मला वाटतं, शब्द परीक्षेच्या हॉलमधून घ्या. पुरवणी. मूळ उत्तरपत्रिका तशीच राहते, लिहायचं जास्त असेल तर वर पुरवणी जोडतात. दोऱ्यानं बांधतात, सुटली तर गुण गेले. 'पुरवणी वास्तव'.

निपाणीकर

बाई, पुरवणी परीक्षा नापासांची असते.

चिकोडी, शिक्षिका

आणि रविवारची पुरवणी सगळ्यांची असते. तुम्हाला नेमकी परीक्षाच आठवली.

पेन्शनर, टिळकवाडी

मला आवडला. मूळ असल्याशिवाय पुरवणी असूच शकत नाही, ही अट शब्दातच आहे. 'वर्धित' मध्ये ती नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, छताच्या कमळाला ७२ पाकळ्या आहेत, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मी दर वेळी मान वर करून मोजतो आणि कुठंतरी चुकतो. फोन वर धरला आणि प्रत्येक पाकळीशी नाव आलं, तर कमळ वाढलं असं मी म्हणणार नाही. कमळ आहे तेवढंच आहे. त्याला पुरवणी लागली.

तक्रार एकच, दोन नामं शेजारी ठेवल्यानं समास जरा खडबडीत वाटतो. सवयीनं जाईल.

नातसून, शहापूर

आज्जींना विचारलं. म्हणाल्या, पेपरची पुरवणी फुकट येते, हे पण फुकट आहे ना?

खडूवाला, खानापूर

मंडळी, निकाल सांगतो.

काल वर्गात तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले : संवर्धित, वर्धित, पुरवणी. अर्थ सांगितला नाही. फक्त विचारलं, कागदावर हृदय दिसतं त्याला यातला कोणता? पुरवणीला सर्वांत जास्त हात वर. कारण विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "कागद आपला, वरचं जोडलेलं." ते पशुसंवर्धनवालं पोर मात्र अजून संवर्धितलाच चिकटून आहे, म्हणतं हृदय जिवंत दिसतंय की.

मग फलकाचा कागद घेऊन कन्नडच्या मॅडमकडं गेलो. त्यांना मराठी वाचता येतं, सावकाश. 'पुरवणी' वर बोट थांबलं. "सर, हा आमचा शब्द आहे." मी म्हटलं, आमचा. तर त्यांनी स्टाफरूममधला कन्नड पेपर काढला, आतला रविवारचा भाग दाखवला, वर छापलेलं : 'पुरवणि'. शेवटची वेलांटी ऱ्हस्व, बाकी तोच शब्द. तेवीस वर्षं त्या पेपरात गुंडाळून भाकरी आणतोय, पण ते अक्षर कधी वाचलं नव्हतं. कोणी कोणाकडून घेतला याचा वाद घालायला दोघांनाही वेळ नव्हता, पेंटर ताटकळत उभा होता. मॅडमनी आपली 'वर्धित' ओळ खोडली आणि पुरवणि लिहिली.

फलकावर आता कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही ओळी आहेत. पेंटरनं मराठीतही ऱ्हस्व वेलांटी काढली होती, ती रात्री मीच नीट केली. टेबलावर पोरांनी स्वतःच्या अक्षरात एक पुठ्ठा ठेवलाय, त्यात नाव कुठलंच नाही :

'फोन चित्रावर धरा. बसेपर्यंत हलवू नका. तरंगू लागलं तर आम्हाला बोलवा.'