शब्दचर्चा : ‘सिनॅप्स’ला चेतासंधी म्हणावं का?

प्रश्न
नणंदेच्या बाळाला फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू हा जन्मजात विकार, असल्याचं निदान झालंय. घरच्यांसाठी मराठीत टिपण करतेय. ‘सिनॅप्सवर परिणाम’ यासाठी ‘चेतासंधी’ लिहिलं, तर सासूबाईंनी विचारलं, “सांधा निखळलाय का गं? हाडवैद्याकडं नेऊया की.” दुसरा शब्द आहे का? आणि ‘अनुवंशिक’ की ‘आनुवंशिक’?

प्रतिसाद
आनुवंशिक. सिनॅप्सला ‘संपर्कस्थान’ही म्हणतात.

प्रतिसाद
ताई, सासूबाईंची शंका रास्त आहे. संधी म्हटलं की दोन टोकं भिडलेली डोळ्यांपुढं येतात. बहुतेक सिनॅप्समध्ये चेतापेशींची टोकं भिडत नाहीत, मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये हा शब्द वापरात आणला तेव्हा फट कुणी पाहिलेली नव्हती. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ती दाखवली. एका चेतापेशीतून सुटलेलं रसायन फट ओलांडून पलीकडच्या पेशीवर बसतं आणि निरोप पोचतो. मी टिपणात ‘सिनॅप्स’च ठेवेन, पहिल्यांदा येईल तिथं ‘दोन चेतापेशींमधली निरोप पोचवायची जागा’ असं लिहून.

तेवढ्यावर थांबू नका, बिघाड कुठं होतो तेही लिहा. दूध, डाळी, मटण यांतल्या प्रथिनांत एक घटक म्हणून फेनिलअ‍ॅलनिन असतं. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं टायरोसिन करतं. पीकेयूत ते विकर नीट चालत नाही, म्हणून फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साठतं. मेंदूत शिरायला त्याला आणि टायरोसिन, ट्रिप्टोफॅन या प्रथिनांच्याच घटकांना वाहून नेणारं प्रथिन एकच. एसटीच्या दारात एकाच गावच्या माणसांनी गर्दी केली की बाकीचे खालीच राहतात, तसं होतं. टायरोसिन कमी पोचलं की डोपामिन कमी बनतं, ट्रिप्टोफॅन कमी पोचलं की सेरोटोनिन. ही दोन्ही निरोप पोचवणारी रसायनं. शिवाय वाढलेलं फेनिलअ‍ॅलनिन ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन झेलणाऱ्या ग्राहींचं कामही मंदावतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणालाही त्रास होतो. बाळाच्या मेंदूत सिनॅप्स झपाट्यानं बनत असतात, त्याच काळात हे घडतं. म्हणून घाई.

‘मेंदू निकामी’ हे शब्द टिपणात कुठंही येऊ देऊ नका. वेळेत आहार सुरू झाला तर ही मुलं शाळेत इतरांसारखीच शिकतात. जर्मन डॉक्टर बिकेल आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये कमी फेनिलअ‍ॅलनिनच्या आहाराचा गुण दाखवला. पुढं अमेरिकी डॉक्टर गथ्री यांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर करायची तपासणी आणली. आपल्याकडं ती अजून सगळीकडं होत नाही, याचं फार वाईट वाटतं.

प्रतिसाद
‘आनुवंशिक’बद्दल थोडं. आपल्याकडं लोक त्याचा अर्थ ‘घराण्यातला रोग’ असा घेतात आणि सगळं खापर सुनेवर फुटतं. पीकेयूत सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. दोघं स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्या भागात आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडं तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. ‘दोघांकडून आलेलं’ असं सरळ लिहा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. तसंच लिहिते. आहाराला ‘पथ्य’ म्हणू ना?

प्रतिसाद
नको. पथ्य म्हणजे बाळंतिणीचं, काविळीचं. महिन्या-दोन महिन्यांनी सुटणारं. हा आहार आयुष्यभराचा आहे. ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणून कुणी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पेलाभर दूध पाजेल, कुणी मिसळीतली मटकी, पांढरा रस्सा भरवेल. त्यामुळं चालत नाहीत ते पदार्थ नावानिशी लिहा. अ‍ॅस्पार्टेम घातलेली बिनसाखरेची पेयंही त्यात घाला, त्यात फेनिलअ‍ॅलनिन असतं. गूळ, तूप, साबुदाणा, बरीचशी फळं यांत ते फारच कमी. आईचं दूध मात्र परस्पर तोडू नका. खास पावडरीच्या जोडीनं ते मोजून देता येतं. किती, ते रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. टिपणात त्या आकड्यासाठी रकाना मोकळा ठेवा, दर तपासणीनंतर तो बदलेल.