शब्दचर्चा : अवज्ञा, आज्ञाभंग, अपेक्षाभंग

चौकस : आई-वडिलांच्या मनाविरुद्ध वागलेल्या पौराणिक पात्रांवर टिपण लिहितो आहे. यदू, प्रल्हाद आणि भरत या तिघांना लागू पडेल असं एकच विशेषण हवं आहे. ‘अवज्ञाकारी’ चालेल का?

पदच्छेद : ते हिंदी वळणाचं वाटतं. हिंदीत ‘सविनय अवज्ञा’ म्हणतात, आपण ‘सविनय कायदेभंग’. मुळात अवज्ञा हा आज्ञेचा विरुद्धार्थी शब्द नाही. दोन्ही ‘ज्ञा’ धातूचे, पण ‘अव’मुळे कमी लेखण्याचा अर्थ येतो. महाभारताच्या आदिपर्वात आपलं म्हातारपण घ्यायला यदूसह चार मुलांनी नकार दिल्यावर ययाती राजा प्रजेला सांगतो, ‘यदुनाहमवज्ञातस्तथा तुर्वसुनापि च’, म्हणजे यदूने माझी अवज्ञा केली आणि तुर्वसूनेही. पुढे ते म्हातारपण घेणाऱ्या पूरू या मुलाबद्दल मात्र ‘मानितश्च विशेषतः’, त्याने मला विशेष मान दिला. म्हणजे अवज्ञेच्या समोर उभा आहे तो मान. हुकूम न पाळण्याबद्दल त्याने ‘नियोगो नानुपालितः’ असं वेगळं म्हटलंच आहे. यदूला अवज्ञा शोभते, कारण बाप स्वतः तसा आरोप करतो. (आरोप खरा की खोटा, हा भाग निराळा. मुलाचं तारुण्य मागणाऱ्याने मानापमानाची भाषा करावी!)

तळटीप : म्हणूनच प्रल्हादाला अवज्ञा लावू नका. विष्णुभक्ती सोड ही आज्ञा त्याने मोडली, पण बापाला तुच्छ लेखलं नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपूच्या वधानंतर तो नृसिंहाकडे वर मागतो, तोही वडिलांचं पाप धुतलं जावं म्हणून. तिथे ‘आज्ञाभंग’ नेमका बसतो.

चौकस : मग भरताने कैकेयीची आज्ञा मोडली म्हणू?

तळटीप : आज्ञा कुठे होती? तो आजोळी असताना आईने परस्पर राज्य मागून ठेवलं. त्याने घेतलं नाही, तिचा अपेक्षाभंग झाला. इथे षष्ठी जपा. ज्याची अपेक्षा, त्याचाच अपेक्षाभंग. ‘भरताचा अपेक्षाभंग’ लिहिलंत तर त्यालाच राज्य हवं होतं असा अर्थ होईल.

पदच्छेद : वाक्यरचनेत आणखी एक अडचण येते. ‘कैकेयीचा अपेक्षाभंग’ बरोबर, पण ‘वडिलांचा आज्ञाभंग’ खटकतं. अपेक्षाभंग हा निराशा या अर्थी घट्ट झालेला शब्द आहे, त्यामुळे माणसाची षष्ठी त्याला थेट लागते. आज्ञाभंगात ‘भंग’ अजून आज्ञेचाच असतो, म्हणून ‘वडिलांच्या आज्ञेचा भंग केला’ असं फोडून लिहावं. ‘बंड’ला मात्र ‘विरुद्ध’ लागतं. तो शब्द आधुनिक नाही, पण त्यात उघड उठाव आहे. नुसत्या नकाराला तो मोठा होतो.

गावरान : ‘शब्द मोडणे’ कुणी घेतलं नाही? त्याचे दोन अर्थ आहेत. स्वतः दिलेला शब्द मोडणं आणि वडीलधाऱ्यांचं सांगणं न ऐकणं. संदर्भ नसेल तर घोटाळा होतो. दुसऱ्या अर्थासाठी ‘शब्दाबाहेर जाणे’ सुरक्षित, पण ते बहुधा नकारार्थीच येतं. ‘तो वडिलांच्या शब्दाबाहेर नाही.’

पदच्छेद : छान आठवण केलीत. अयोध्याकांडात दशरथ रामाला म्हणतो, ‘अयोध्यायास्त्वमेवाद्य भव राजा निगृह्य माम्’. मला कैद कर आणि तू राजा हो! बापाची खरी इच्छा ही. रामाने बापाने कैकेयीला दिलेला शब्द राखला आणि बापाचं मन मोडलं. ‘पितृवचनपालक’ म्हणताना वचन कोणतं, हे पाहावं लागतं. चौकस, तुमच्या यादीत चौथा माणूस हा घ्या.

चौकस : म्हणजे एक विशेषण नाहीच?

तळटीप : नाही. शीर्षकात ‘आई-बापाच्या मनाविरुद्ध’ ठेवा, आत प्रत्येकाला त्याचा शब्द द्या.

गावरान : आणि ‘दिवटा’, ‘कुलदीपक’ उपरोधाने वापरायचा मोह आवरा. ते ऐदी, उधळ्या पोराला शोभतात. प्रल्हादाला दिवटे चिरंजीव म्हटलंत तर वाचक हिरण्यकशिपूच्या बाजूला जाऊन बसेल.