मोबाईल स्टार्टरची वर्गणी ऑटोपेने कटत नाही, मशीन लर्निंगचा उपयोग होईल का?

चोपडा_स्टार्टर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघे भाऊ चोपडा तालुक्यात शेतपंपाचे मोबाईल स्टार्टर बसवतो. डब्यात सिम असतं. लाईट आली की शेतकऱ्याला फोन जातो, मोटर घरूनच चालू-बंद करता येते. सिम आणि सर्व्हरचे महिन्याला १८० रुपये, यूपीआय ऑटोपेवर, म्हणजे ग्राहकाने एकदा परवानगी दिली की खात्यातून आपोआप. सव्वाचारशे ग्राहक, बहुतेक केळीवाले. १ तारखेला कापायला लावतो आणि पाचातल्या एकाचे कटत नाहीत. मग २, ३, ४ तारखेला पुन्हा. तरी पन्नासेक जण राहतातच.

मे महिन्यात जे झालं ते अजून मनातून जात नाही. ५ तारखेला पैसे न आलेल्यांची सेवा आपोआप बंद व्हायची, तशी एका आबांची झाली. त्या आठवड्यात मोटरला लागणारी थ्री-फेज लाईट रात्रीची होती. फोनच गेला नाही, दोन रात्री मोटर चालली नाही. मी मळ्यात गेलो तेव्हा निसवणीवरच्या (घड बाहेर पडत असलेल्या) बागेची पानं कडेने करपलेली. आबा रागावले नाहीत. त्यांनी मोबाईल पुढे केला, त्यात पैसे कटले नाहीत असे एकाखाली एक चार इंग्रजी मेसेज. म्हणाले, "पैसा येतीन भाऊ, आज खातामा काहीच नही." दुसऱ्या मळ्यातला माल व्यापाऱ्याने कापून नेला होता, पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचे, पैसे यायचे होते. ते ११ तारखेला आले. माणूस बुडवणारा नव्हता, माझी तारीख चुकली होती.

चौदा महिन्यांच्या नोंदी आहेत, पायथन बऱ्यापैकी येतं. त्या नोंदींवरून शिकून कोणाचे कधी कटतील हे आधी सांगणारं मॉडेल बनवता येईल का?

भुसावळकर_पुण्यात
भाऊ, पेमेंटच्याच कामात आहे म्हणून सांगतो. मॉडेलच्या आधी न कटण्याची कारणं वेगळी करा. गेटवे, म्हणजे तुमची वसुली बँकेकडे पाठवणारी कंपनी, प्रत्येक वेळी कोड देते. झेड९ म्हणजे खात्यात शिल्लक नाही, हे पैसे पुढे मिळू शकतात. बँकेचा सर्व्हर बंद असेल तर काही तासांनीही काम होतं. पण ग्राहकाने मॅंडेटच (ऑटोपेला दिलेली परवानगी) रद्द केलं असेल तर कितीही प्रयत्न करा, उपयोग नाही. त्याला फोन करून नवीन मॅंडेट घ्यायचं. तिन्ही एकाच ढिगात टाकून शिकवलं तर मॉडेल गोंधळणारच.

दुसरं, ऑगस्ट २०२५ पासून एनपीसीआयचा (यूपीआय चालवणारी संस्था) नियम आहे: एका वसुलीला एक मूळ प्रयत्न आणि जास्तीत जास्त तीन पुनर्प्रयत्न, तेही गर्दीची वेळ सोडून. म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर. तुम्ही चारही संधी पहिल्या चार दिवसांतच संपवता. आबांचे पैसे ११ ला आले तेव्हा तुमच्या हातात एकही उरली नव्हती.

नवीन मॅंडेट घेताना ठरलेल्या तारखेऐवजी 'ॲज प्रेझेंटेड' (मागू तेव्हा) प्रकार घ्या, म्हणजे दिवस निवडायला मोकळीक राहते. कापण्याच्या २४ तास आधीची सूचना मात्र जायलाच हवी.

धुळे_संख्याशास्त्र
तुमच्या नोंदींमध्ये एक मोठी पोकळी आहे. तुम्ही फक्त १ ते ४ तारखेलाच प्रयत्न केलेत, मग ११ तारखेला काय झालं असतं हे मॉडेलला कुठून कळणार? न पाहिलेल्या दिवसाबद्दल ते अंदाज देईल, पण तो हवेतला असेल. म्हणून पहिल्यांदा न कटलेल्यांपैकी काही जणांचे पुनर्प्रयत्न दोन-तीन महिने ५ ते २० तारखांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे विखरून द्या. तेवढे दिवस सेवा बंद करू नका.

मॉडेल साधंच ठेवा, एवढ्या माहितीला लॉजिस्टिक रिग्रेशन (हो की नाही याची शक्यता काढणारी साधी पद्धत) पुरे. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ: तारीख, वार, वेळ, बँक, आधीच्या महिन्यांत कितव्या दिवशी कटले. तपासताना ओळी सरमिसळ करू नका; पहिले महिने शिकवायला, शेवटचे तपासायला. नाहीतर पुढची माहिती मागे झिरपते आणि निकाल खोटा चांगला दिसतो. अचूकतेच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. पाचातल्या चौघांचे कटतातच, त्यामुळे 'सगळ्यांचे कटतील' म्हणणारं मॉडेलसुद्धा ८० टक्के बरोबर ठरतं. किती प्रयत्नांत किती रुपये आले, तेच मोजा.

आणि ज्यांचे कटत नाहीत ते शेवटी पैसे कसे देतात?

शिरपूर_तरुण
नॅचवर (बँक खात्यातून थेट हप्ता कापायची दुसरी पद्धत) जायचा विचार असेल तर नीट करा. पैसे न कटता मागणी परत गेली की ग्राहकाची बँक त्यालाच दंड लावते. माझ्या वडिलांना १५० रुपयांच्या हप्त्यापायी त्याहून जास्त दंड बसला होता. चुकलेल्या प्रयत्नाची किंमत शेतकरी मोजतो, हे मॉडेलमध्ये धरा.

चोपडा_स्टार्टर
सर्वांचे मनापासून आभार. नॅचवर जाणार नाही. सेवा बंद करायची तारीख कालच ५ वरून २५ केली.

धुळेकर सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने डोक्यात उजेड पडला. न कटलेले लोक दुकानावर येऊन रोख देतात किंवा क्यूआरवर टाकतात, आणि माझा भाऊ ते वहीत लिहितो: नाव, गाव, तारीख. मी ती वही कधी माहिती म्हणून बघितलीच नव्हती! काल रात्री दोघांनी बसून चौदा महिने एक्सेलमध्ये उतरवले. दूध घालणाऱ्यांचे पैसे ३, १३, २३ च्या आसपास येतात, कारण त्यांच्या डेअरीचा पगार दहा दिवसांचा. नोकरदारांचे ५ ते ८. फक्त केळी असलेल्यांचा ठरलेला दिवस नाही, माल कापला की आठ-पंधरा दिवसांनी.

म्हणून 'दूध घालतात का' हा रकाना घेतोय. कापणीची तारीख मात्र ग्राहकालाच विचारावी लागेल. पट्टी मिळाली की त्याने स्टार्टरच्या ॲपमध्ये एक बटण दाबायचं, असं डोक्यात आहे. पण दाबतील का? कोणी असं काही करून बघितलंय?

भुसावळकर_पुण्यात
बटण दाबणार नाहीत. मिस कॉल द्यायला सांगा, डब्यात सिम आहेच.